मासळीचा वास घरातून जात नसेल तर काय तपासावे

मासळी धुऊन, शिजवून आणि जेवून झाल्यावर घरात काही तास वशट वास राहणे स्वाभाविक आहे. तो दुसऱ्या दिवशीही टिकून असेल, किंवा गेल्यासारखा वाटून पुन्हा येत असेल, तर मात्र त्याचा उगम शोधावा लागतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि नातेवाइकांच्या व शेजाऱ्यांच्या घरी ही तक्रार वर्षानुवर्षे निस्तरत आले आहे. बहुतेक घरांत मूळ दोष एकच निघतो: वासाचे रसायन अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, असते आणि तो घालवण्यासाठी आपण सोडा, साबण असे अल्कधर्मीच पदार्थ वापरत राहतो.

लक्षणे

वास कुठे येतो हे सांगणे कठीण असते, कारण तो घरभर पसरतो. तो केव्हा येतो हे मात्र नेमके सांगता येते, आणि उगम त्यावरूनच लवकर सापडतो.

ओटा, विळी किंवा हात साबणाने धुताना वास अचानक वाढतो आणि वाळल्यावर कमी होतो, असे असेल तर दोष पृष्ठभागावर राहिलेल्या अंशाचा आहे. सिंकमध्ये गरम पाणी ओतले की वास वर येत असेल, तर सिंकखालच्या ट्रॅपकडे, म्हणजे नळातील थोडे पाणी अडवून ठेवणाऱ्या भागाकडे, पाहावे. फ्रिजमधील मासळी काढून टाकली तरी दार उघडताच वास येत असेल, तर दाराचे रबर आणि मागचा पाण्याचा ट्रे यांवर संशय घ्यावा. पावसाळ्यात सुकटीचा डबा उघडा न ठेवताही त्या कपाटाला वास लागला असेल, तर डब्यात दमटपणा शिरलेला असतो.

घरात मासळी आणलेलीच नाही, आणि तरीही गिझर, इस्त्री किंवा एसी सुरू केल्यावर काही मिनिटांनी मासळीसारखा वास येतो, हे लक्षण सर्वांत गंभीर आहे. ते आढळल्यास मधल्या सर्व तपासण्या सोडून त्या उपकरणाचा वीजपुरवठा एमसीबीवरून (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या, बोर्डावरच्या स्विचवरून) बंद करावा आणि शेवटचा भाग आधी वाचावा.

दोन वास यांतून वेगळे काढता आले पाहिजेत. सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो बहुधा गटाराच्या नळातून येतो. सडलेल्या कोबीसारखा किंवा कांद्यासारखा वास असेल, तर तो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असू शकतो. अशा वेळी रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे. शंका असली तरी गॅसच आहे असे धरून वागावे.

वासामागचे रसायन

हा भाग वगळून थेट तपासण्यांकडे जाण्याचा मोह होईल, पण तो वाचल्याशिवाय पुढचा क्रम का महत्त्वाचा आहे ते कळणार नाही.

समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचे संयुग असते. खाऱ्या पाण्यात जगताना पेशींतील पाण्याचा तोल सांभाळायला ते मदत करते आणि त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यातील ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्रायमिथाइल अमाइन उरते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या तापमानाला ते वायुरूपच असते, आणि माणसाच्या नाकाला ते हवेत अब्जांश प्रमाणात असले तरी जाणवते. त्यामुळे ओट्याच्या सांध्यात राहिलेला अगदी थोडा अंशही घर भरून टाकायला पुरतो. रोहू, कटला अशा गोड्या पाण्यातील माशांत हे ऑक्साइड फारसे नसते. त्यांचा मातकट वास जिओस्मिन या वेगळ्याच संयुगामुळे येतो. मुशी आणि पाकट यांच्या मांसात युरियाही भरपूर असतो आणि त्यापासून अमोनिया तयार होतो, म्हणून शिळ्या मुशीचा वास नाकात झोंबतो.

अमोनियाच्या रेणूतील एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजनांची जागा मिथाइल गटांनी घेतली की अनुक्रमे मिथाइल, डायमिथाइल आणि ट्रायमिथाइल अमाइन मिळतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल वुर्ट्झ यांनी १८४९ मध्ये साधी अमाइने प्रथम वेगळी केली, तेव्हाच त्यांचे अमोनियाशी असलेले साम्य लक्षात आले होते. अमोनियाप्रमाणेच अमाइनमधील नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. आम्ल मिळाले की ही जोडी हायड्रोजन आयन पकडते आणि अमाइनचा क्षार, म्हणजे मिठासारखे संयुग, तयार होतो. क्षारावर विद्युतभार असल्यामुळे तो पाण्यात विरघळून राहतो, हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही. त्याच क्षारावर अल्क पडला की हायड्रोजन आयन निघून जातो आणि अमाइन पुन्हा मोकळे होऊन उडते.

हे संतुलन सामूवर (pH वर) अवलंबून असते. सामू ७ च्या खाली असेल तर द्रावण आम्लधर्मी आणि वर असेल तर अल्कधर्मी असते. सामू ९.८ च्या आसपास असताना ट्रायमिथाइल अमाइन निम्मे मोकळे आणि निम्मे क्षाररूपात असते. ताज्या मासळीच्या पाण्याचा सामू ६.५ धरला, तर मोकळे अमाइन दोन हजारांत एक भाग इतकेच असते. त्यावर खाण्याचा सोडा टाकला की सामू ८.३ च्या जवळ जातो आणि मोकळा भाग सुमारे साठपट वाढून ३ टक्क्यांवर येतो. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात, सामू ११ असताना, जवळजवळ ९४ टक्के अमाइन मोकळे असते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात, सामू अडीचच्या जवळ असताना, ते कोटीत एक भागाहूनही कमी उरते. आपल्या घरांत माशाला लिंबू, चिंच किंवा कोकम लावण्याची रीत आहे, तिच्यामागे हेच आहे.

अमाइनच्या या गुणाचा उपयोग औषधनिर्मितीत सर्रास होतो. घरातील गोळ्यांची पाकिटे पाहिली तर सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड अशी नावे दिसतात. ही औषधे अमाइन वर्गातील किंवा त्याच्या जवळच्या वर्गातील आहेत आणि त्यांचा क्षार बनवल्यामुळे ती घनरूप, टिकाऊ आणि पाण्यात सहज विरघळणारी होतात.

पहिली तपासणी: फडके, घासणी आणि हात

यासाठी खर्च काहीच नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक घरांचा प्रश्न इथेच संपतो. ओटा पुसण्याचे फडके आणि भांड्यांची घासणी नाकाजवळ न्यावी. त्यांना वास असेल, तर आपण रोज ओटा पुसत नसून ओट्यावर वास पसरवत असतो, आणि बाकी काहीही केले तरी तो परत येणार. घासणी टाकून द्यावी. फडके आम्लाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावे, साध्या पाण्यात खळबळून काढावे आणि मगच साबण लावावा. आम्लाच्या पाण्यासाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड पुरते. किराणा दुकानात ते लिंबूसत्व म्हणून मिळते. व्हिनेगर वापरायचे असेल तर ते आणि पाणी समप्रमाणात घ्यावे.

क्रम उलटा करू नये. आधी साबण लावला तर अमाइन मोकळे होऊन कापडाच्या धाग्यांत आणि हवेत पसरते. आम्ल लावून न खळबळता लगेच साबण लावला, तर तयार झालेला क्षार जागेवरच असतो आणि साबण त्याचे पुन्हा अमाइन करतो. आम्ल, मग भरपूर पाणी, मग साबण, हाच क्रम हातांनाही लागू आहे. बोटाला कापले असेल तर लिंबू झोंबेल, तेव्हा आम्लाचे पाणी आणखी पातळ करून घ्यावे.

दुसरी तपासणी: ओटा, विळी आणि पाट

इथे आम्ल वापरण्यापूर्वी ओटा कशाचा आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे. ग्रॅनाइटला सौम्य आम्लाने सहसा काही होत नाही. कडाप्पा हा मात्र चुनखडीचा दगड आहे आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. या दोन्हींवर लिंबाचा रस पडला की बारीक बुडबुडे येतात, दगड झिजतो आणि काळ्या कडाप्प्यावर पांढुरके, खरखरीत डाग उमटतात. ते पुसून जात नाहीत, दगडाला पुन्हा घासून पॉलिश करावे लागते. ओट्याचा दगड कोणता ते माहीत नसेल, तर गॅसच्या शेगडीखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आम्लाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसून पाहावा.

कडाप्प्याच्या ओट्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. ते ट्रायमिथाइल अमाइनला ऑक्सिजन देऊन पुन्हा गंधहीन ऑक्साइड बनवते. ही क्रिया सावकाश होते, म्हणून पेरॉक्साइडने भिजवलेले स्वच्छ कापड सांध्यांवर अर्धा तास ठेवावे आणि नंतर जागा पाण्याने पूर्ण धुऊन घ्यावी. धुणे टाळले तर तोच ऑक्साइड जिवाणूंना पुन्हा मिळतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र करू नयेत, कारण त्यांच्यापासून डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक असे परॲसेटिक आम्ल तयार होऊ शकते.

विळीचे पाते धुतले जाते, पण पाते लाकडी पाटात जिथे बसवलेले असते ती फट कोणी पाहत नाही. तिथे खवले आणि रक्ताचा काळा थर साचलेला असतो. जुन्या ब्रशने ती फट कोरडीच खरवडावी, मग आम्लाच्या पाण्याने धुऊन, लगेच पुसून, उन्हात वाळवावी. आम्लामुळे लोखंडाला गंज लवकर चढतो, म्हणून पात्याला तेलाचे बोट फिरवावे.

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर या कामासाठी अजिबात वापरू नये. अमोनिया आणि अमाइन यांच्याशी तिची क्रिया होऊन झोंबणारे क्लोरामाइन वायू बनतात, आणि आम्लाशी झाली तर क्लोरीन बाहेर पडतो. संडास साफ करण्याच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडनेही अमाइनचा क्षार होतो हे खरे, पण ते स्टीलच्या सिंकला खड्डे पाडते, दगड आणि फरशांमधील सिमेंट खाते, आणि त्याच जागी आधी ब्लीच पडलेले असेल तर जीवावर बेतू शकते.

तिसरी तपासणी: सिंक आणि ट्रॅप

सिंकखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल, तर खाली बादली ठेवून तो हाताने फिरवून काढता येतो. आत खोबऱ्याचा चोथा, तेलाचा थर आणि त्यात रुतलेले खवले सापडतात. इथे मात्र धुण्याचा सोडा योग्य आहे, कारण अडचण तेलाच्या थराची आहे आणि तो अल्कानेच सुटतो. काढलेला ट्रॅप गॅलरीत किंवा मोरीत नेऊन गरम पाणी आणि सोड्याने धुवावा. मोकळे होणारे अमाइन तिथे उघड्या हवेत निघून जाते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, पण त्यात दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस तेवढा येतो आणि शेवटी सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते.

ट्रॅप बसवल्यावर त्यात पाणी राहते की नाही ते पाहावे. ते पाणी नळातील हवा घरात येऊ देत नाही. बाहेरगावाहून परतल्यावर घरात वास येत असेल, तर बहुधा तेच वाळलेले असते. ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी तुंबत असेल, बुडबुडे वर येत असतील, किंवा खालच्या-वरच्या घरांतही तोच वास असेल, तर दोष इमारतीच्या उभ्या नळात आहे. तिथे थांबावे आणि प्लंबरला बोलवावे.

चौथी तपासणी: फ्रिज

फ्रिजमध्ये खाण्याचा सोडा वाटीत ठेवण्याची सवय अनेकांना आहे. आंबलेल्या दुधासारख्या आम्लधर्मी वासांवर तो काम करतो. अमाइन स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर त्याचा उपयोग होत नाही. त्याऐवजी पसरट ताटलीत व्हिनेगर किंवा सक्रिय कोळसा ठेवावा. अर्थात, उगम काढल्याशिवाय हे तात्पुरतेच राहते.

प्लग काढून दाराच्या रबराच्या घड्या आम्लाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसाव्यात. आत मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जाण्याचे छिद्र असते, ते पाहावे. मासळीच्या पिशवीतून गळलेले पाणी त्यातून मागे काँप्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते आणि तिथल्या उष्णतेने रोज थोडे थोडे वाफ होऊन घरात येते. फ्रिज आतून लख्ख असूनही वास येतो तो यामुळे. काही ट्रे सहज निघतात. निघत नसेल तर ओढाताण करू नये. मागचे पत्र्याचे किंवा फ्रीझरमधील प्लास्टिकचे आवरण स्क्रू काढून उघडण्याची वेळ आली, तर तंत्रज्ञाला बोलवावे, कारण त्यामागे वायूच्या नळ्या आणि विजेच्या जोडण्या असतात. फ्रीझरमधील जुना बर्फ टाकून द्यावा, त्यात वास धरून राहतो.

सुक्या मासळीचा डबा आणि औषधांचा खण

सुके बोंबील, सोडे किंवा सुकट दमट झाली की थांबलेले जिवाणू पुन्हा काम सुरू करतात. कोरड्या दिवशी ती कडकडीत उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावी. बुरशी दिसली तर ती टाकून द्यावी.

औषधांचा खण तपासायला मी अलीकडे आवर्जून सांगते. मेटफॉर्मिनच्या काही गोळ्यांना मासळीसारखा वास येतो. हे औषध डायमिथाइल अमाइनच्या क्षारापासून बनवतात आणि त्याचा किंचित अंशही जाणवतो. अशा वासावरून गोळी बंद करण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. पाकीट औषधविक्रेत्याला दाखवावे आणि डॉक्टरांना विचारावे.

वास एखाद्या व्यक्तीच्या घामाला किंवा श्वासाला येत असेल आणि अंघोळीने जात नसेल, तर साबण बदलत बसू नये. अन्नातील कोलिनपासून आतड्यांत ट्रायमिथाइल अमाइन तयार होते आणि यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे गंधहीन ऑक्साइड करते. हे विकर कमी पडत असेल तर अमाइन घामातून बाहेर येते. स्त्रियांना योनिमार्गातून असा वास जाणवत असेल तर तो जिवाणूसंसर्ग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दोन्ही बाबतींत डॉक्टरांकडे जावे. यात अस्वच्छतेचा दोष नसतो, हे मी घरच्यांना मुद्दाम सांगते.

शेवटची तपासणी: विजेची जोडणी

स्विच, सॉकेट आणि बल्बचे होल्डर यांसाठी वापरली जाणारी काही कडक प्लास्टिके फॉर्मल्डिहाइडपासून, युरिया किंवा हेक्झामिन यांच्या साहाय्याने बनवलेली असतात. ती अति तापली की त्यांतून अमाइन बाहेर पडतात आणि घरात मासळीसारखा, काही जणांना लघवीसारखा, वास येतो. धूर किंवा ठिणगी दिसण्याच्या कितीतरी आधी हा वास येऊ शकतो, म्हणून तो दुर्लक्षित करू नये.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटमधील पकड सैल होऊन तिथे अर्धा ओहम इतकाच रोध निर्माण झाला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न याहून कमी शक्तीत शिसे वितळवते. एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण एकूण प्रवाह मर्यादेतच असतो. एमसीबी पडली नाही म्हणून सर्व ठीक आहे, असे समजणे धोक्याचे आहे.

घरातल्या व्यक्तीने करावयाची तपासणी फक्त डोळ्यांनी आणि नाकाने करायची आहे. आधी एमसीबी बंद करावी, वीस मिनिटे थांबावे आणि मग सॉकेटकडे पाहावे. छिद्रांभोवती तपकिरी कडे, पांढऱ्या पट्टीवर पिवळसर डाग, प्लगच्या एखाद्या पिनवर काळसर थर, किंवा प्लग घालताना सैल लागणे, यांपैकी काहीही दिसले तर ते सॉकेट पुन्हा वापरू नये. गिझर, एसी किंवा इस्त्री ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा मल्टिप्लगवर लावली असेल, तर ती तिथून कायमची हलवावी. पट्टी उघडणे, तार आवळणे किंवा सॉकेट बदलणे हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

वायरमनला बोलावताना कोणते उपकरण सुरू असताना वास येतो, सुरू केल्यावर किती मिनिटांनी येतो आणि त्याच एमसीबीवर आणखी काय चालते, हे लिहून द्यावे. फक्त पुढची पट्टी बदलून त्याने काम संपवू नये. आतल्या तारेचे आवरण जिथपर्यंत करपले आहे तिथपर्यंत ती कापून नवी जोडणी करायला सांगावे. काम झाल्यावर त्याच्यासमोरच ते उपकरण अर्धा तास पूर्ण क्षमतेने चालवावे आणि वास आला नाही तरच पैसे देऊन त्याला मोकळे करावे. वास पुन्हा आला, तर दोष भिंतीतल्या तारेत किंवा मुख्य बोर्डात असू शकतो, आणि त्याची पूर्ण तपासणी होईपर्यंत ते सर्किट बंदच ठेवावे.